भेट-प्रत मिळणार नाही

ज्याने त्याने आपला माल आपण विकावा, याला आपल्याकडे कुणाची हरकत नसते. देवगडचा बागायतदार पेटी उघडून हापूस तुमच्या नाकाशी धरतो. विमा एजंट बारशाला येतो आणि पाळण्यातल्या बाळाची पॉलिसी उतरवूनच पेढा खातो. फक्त लेखकाने स्वतःचं पुस्तक पिशवीतून बाहेर काढलं की मंडळी शरमेने खाली बघू लागतात. "लेखन ही साधना हो! तिचा बाजार काय मांडायचा?" असं म्हणतात, आणि त्याच श्वासात विचारतात, "आम्हाला एक प्रत देणार ना?"

या साधनेचा हिशेब एकदा मांडूनच दाखवतो. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेत क्लार्क. मला दुसरं येतंय काय? कादंबरीचं नाव 'पितळी मुनीम', पानं 288. प्रकाशक मिळेना, म्हणून पीएफमधून 95,000 रुपये उचलले आणि 500 प्रती छापल्या. प्रत पडली 190 रुपयांना. किंमत ठेवली 350. एका विक्रेत्याने 45 टक्के कमिशन मागितलं, म्हणजे माझ्या हाती 192 रुपये 50 पैसे. प्रतीमागे नफा अडीच रुपये! आता एक प्रत तुम्हाला 'सप्रेम भेट' दिली, तर ते 190 रुपये भरून काढायला मला 76 प्रती विकाव्या लागतात. अख्खी आवृत्ती खपली तरी सातव्या भेट-प्रतीला मी तोट्यात जातो. आणि मला सख्ख्या मावशाच पाच आहेत.

तेव्हा पुस्तक मीच विकायचं ठरवलं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुखपृष्ठ टाकलं. 43 अंगठे आले, 11 पुष्पगुच्छ आले, विक्री शून्य. अंगठ्याला आमच्या बँकेत तरी काही किंमत असते. इथे तीही नाही.

थोर लेखक असलं काही करत नसत, असं एका साहित्यप्रेमी गृहस्थांनी मला सुनावलं. करत नसत? डिकन्सने 1843 साली 'ख्रिसमस कॅरल'च्या छपाईचा खर्च स्वतः केला. नाताळपर्यंत 6,000 प्रती हातोहात गेल्या, पण रंगीत चित्रं आणि सोनेरी कडा यांनी नफा खाऊन टाकला. (जमाखर्च न शिकता लेखक झालं की असं होतं.) आपले ज्ञानकोशकार केतकर घ्या. त्यांनी ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले, वर्गणीदार मिळवत फिरले. म्हणून तर 23 खंड उभे राहिले. साधना करत घरीच बसले असते तर 'अ'च्या पुढे सरकले नसते.

फुकट प्रत मिळत नाही म्हटल्यावर माणूस विषयावर घसरतो. "स्टीमपंक? म्हणजे इडल्यांचं काही आहे का?" नाही हो. वीज आणि पेट्रोल यांचं राज्य आलंच नाही, सगळं जग वाफेवर आणि पितळी चाकांवरच पुढे गेलं, अशी कल्पना करून रचलेली ही साहसकथा. "मग हे आपलं नाही. विलायती खूळ!"

नाव विलायती आहे, कबूल. जीटर नावाच्या अमेरिकन लेखकाने ते 1987 मध्ये अर्ध्या थट्टेत ठेवलं. पण वाफ कुणाची? 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला 400 पाहुण्यांची गाडी निघाली, ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. पुढे 1880 मध्ये ज्यूल व्हर्नने एक कादंबरी लिहिली. तिच्यात वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती चाकांवरची घरं ओढत कलकत्त्याहून निघतो, आणि गोष्टीत नानासाहेब पेशवेही आहेत. भारतात कधी पाऊल न ठेवलेल्या फ्रेंच माणसाला आपल्या रस्त्यावर वाफेचा हत्ती दिसतो तो प्रतिभेमुळे, आणि गिरगावात वाढलेल्या मला वाफेचा मुनीम दिसला की ते खूळ!

माझा मुनीम तर अस्सल मुंबईकर आहे. 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि मुंबईतले शेअर रद्दीच्या भावाला आले. त्या तडाख्यातून जुनी बँक ऑफ बॉम्बेही उठली नाही. 1868 मध्ये तिचा गाशा गुंडाळावा लागला. तिकडे लंडनच्या बॅबेजने आकडेमोडीच्या यंत्राचे नकाशे काढून ठेवले होते. हयातीत ते यंत्र त्याला पुरं करता आलं नाही. 1991 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमने ते त्याच नकाशांवरून बांधलं, आणि ते बिनचूक चाललं! मी तसलंच एक यंत्र वाफेवर चालवून 1865 सालच्या एका पेढीत बसवलं, एवढंच. ते खोटी बेरीज करत नाही, म्हणून शेटजी घण घेऊन त्याच्यामागे लागतात, आणि एक कारकून त्याला वाफेच्या फुग्यात घालून भोर घाट ओलांडतो. पुढचं सांगणार नाही. पुढचं 350 रुपयांना आहे.

वाचून आवडलं नाही तर तोंडावर सांगा. भाषा बोजड आहे म्हणा, फुगा उडूच शकत नाही म्हणा. गिऱ्हाइकाचा तो हक्क आहे आणि मी तो निमूट ऐकून घेईन. सुटे नाहीत ही सबब मात्र चालणार नाही, क्यूआर कोड पिशवीवरच चिकटवला आहे. मावशांनाही हाच दर. धाकट्या मावशीने परवा पूर्ण पैसे मोजले आणि म्हणाली, "वर 'सप्रेम भेट' लिही हो. विकत घेतलं म्हटलं तर तुझे काका ओरडतील."