नाण्यांच्या इतिहासात आमचे बलुते कुठे?

ढोकीहून तेर जवळच. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आम्ही वस्तीतील मुलांना सातवाहनांची नाणी पाहायला नेले. तेर म्हणजे जुने तगर. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथात त्याचे नाव आहे. येथला माल गाड्यांनी भडोचला जाई. पाठ्यपुस्तकातून न कळलेली ही बाजारपेठ मुलांना शिशाच्या एका तुकड्यावरून कळली.

परतताना एका मुलीने विचारले, "आपल्या घरात जुनं नाणं का नाही?"

प्रश्न बिनतोड होता. गावात कुणाच्या घरी निजामाचे चारमिनारवाले नाणे निघते, आमच्या आज्यांच्या गाठोड्यात निघत नाही. गावकीची कामे करणाऱ्या महाराला मोबदला मिळे तो बलुत्याचा: खळ्यावरचे धान्य, दारोदार मागितलेली भाकरी. ज्याच्या हाती रोकड पडूच दिली नाही, तो नाण्यांच्या इतिहासात दिसणार कसा? छंद म्हणून नाणी जमवायला लावणाऱ्या गुरुजींनी हेही शिकवावे. आणि याच समाजातल्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, हेही.

आता मुलांनी एक डबा केला आहे. त्यात बाबासाहेबांचे १९९० चे एक रुपयाचे आणि २०१५ चे दहा रुपयांचे नाणे आहे. त्याच वर्षीचे १२५ रुपयांचे नाणे संग्राहकांसाठी निघाले, ते आम्हाला परवडणारे नाही. शेजारी मूठभर ज्वारी ठेवली, वर चिठ्ठी: 'बलुतं'. एक शिक्षक म्हणाले, कीड लागेल. लागू द्या, दर सुगीला बदलू.