लाकडाचा भुसा आणि त्याचा विनियोग

आरागिरणीत ओंडका चिरला जात असता करवतीचे पाते जेवढी वाट कापीत जाते, तेवढे लाकूड भुशाच्या रूपाने खाली पडते. ही वाट ३ मिलिमीटर रुंदीची धरली आणि फळ्या एक इंच जाडीच्या काढल्या, तर दर आठ-नऊ फळ्यांमागे एका फळीइतके लाकूड करवतच खाऊन टाकते. पुढे सुताराच्या रंध्याखाली निघणारे छिलपे निराळेच. ज्या जबलपूर शहराच्या आसपास मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांतील सालाची व सागाची जंगले पसरलेली आहेत, तेथे हा हिशेब क्षुल्लक मानता येत नाही. लाकडाची पारख ह्या शहरास नवी नाही. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली उभा राहिला, त्या काळी तोफगाड्यांची चाके लाकडाचीच असत. आणि उष्णकटिबंधीय वनांचा अभ्यास करणारी संशोधन संस्थाही १९८८ साली येथेच स्थापन झाली. तरीही भुसा, किंवा तेथील बोलीतला बुरादा, हा बहुतेक कारागिरांच्या लेखी दिवसाअखेर झाडून टाकावयाचा केरच होय.

भुशाचे उपयोग थोडे आहेत, म्हणून तो वाया जातो असे नव्हे. साग, आंबा, प्लायवुड आणि रंग दिलेले जुने लाकूड ह्या सर्वांचा भुसा एकाच झाडूने एकाच ढिगात लोटला जातो, आणि त्या क्षणी त्याचे निम्मेअधिक उपयोग संपुष्टात येतात. एकदा मिसळलेला भुसा पुन्हा वेगळा करता येत नाही. तेव्हा विचार करावयाचा तो उकिरड्यापाशी नव्हे, तर करवतीपाशी.

जळणाचा उपयोग सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा. पत्र्याच्या डब्याच्या तळाशी बाजूला भोक पाडावे, मध्यभागी एक दांडा उभा धरावा, दुसरा त्या भोकातून आडवा घालून त्यास भिडवावा, आणि भोवती भुसा ठासून भरावा. दांडे हळूच काढून घेतले की भुशाची शेगडी तयार होते. हवा बाजूने आत शिरते व मधल्या पोकळीतून वर जाते. भुसा केवळ पोकळीच्या कडेने जळत राहतो, म्हणून एकदा भरलेली शेगडी कित्येक तास पुरते. मात्र ती बंद खोलीत कधीही पेटवू नये, कारण मंद जळणाऱ्या भुशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, आणि त्यास रंगही नाही व वासही नाही. भुसा कोरडा असणेही तितकेच आवश्यक आहे. ताज्या लाकडाच्या भुशात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. अशा एक किलो भुशातील लाकडापासून मिळणाऱ्या उष्णतेचा सुमारे सातवा हिस्सा केवळ ते पाणी उडवण्यातच खर्च होतो. वर धूर होतो तो वेगळाच. भुसा यंत्रात दाबून त्याच्या कांड्याही करतात. घर्षणाच्या उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते. परंतु यंत्र आणि वीज ह्यांचा खर्च एकट्या सुतारास पेलणारा नाही. दहा-वीस कारखान्यांनी मिळून केल्यासच ह्या उद्योगास काही अर्थ आहे.

खताविषयी मात्र उत्साहापेक्षा सावधगिरी बरी. भुसा कुजतोच, मग तो शेतात पसरावयास हरकत काय, असे अनेकांस वाटते. पण परिणाम उलटा होतो. भुशात कार्बनचे प्रमाण नायट्रोजनच्या २०० ते ५०० पट असते. तो कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांस नायट्रोजन हवा असतो. भुशात तो मिळत नाही, म्हणून ते मातीतला ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. दोष भुशाचा नसून घाईचा आहे. १०० किलो कोरड्या भुशात सुमारे ५० किलो कार्बन असतो. कार्बन व नायट्रोजन ह्यांचे प्रमाण खतास योग्य अशा तिसास एक ह्या मापावर आणावयाचे तर त्यात साधारण साडेतीन किलो युरियाइतका नायट्रोजन मिसळावा लागेल. युरियाऐवजी शेण व हिरवा पाला भरपूर घालून, ढीग ओला ठेवून व अधूनमधून उलटून तो चांगला काळा पडेपर्यंत थांबणे हे छोट्या बागायतदारास अधिक परवडणारे आहे. ज्यास इतका धीर नसेल त्याने भुसा मातीत न मिसळता रोपांच्या भोवती वरच्या वर पातळ पसरावा. तेथे तो ओल टिकवितो व तणास आवरतो.

धिंगरी अळंबीसाठी आंबा किंवा सावर ह्यांसारख्या मऊ लाकडाचा भुसा उपयोगी पडतो, सागाचा नव्हे. ज्या द्रव्यांमुळे साग वाळवीस व बुरशीस दाद देत नाही, ती त्याच्या भुशातही असतात, आणि अळंबी हीही शेवटी बुरशीच. कोंबड्यांच्या खुराड्यात भुशापेक्षा रंध्याचे छिलपे चांगले, कारण बारीक भुसा पिले खाऊन टाकतात. छिलप्यांचा ५ ते ७ सेंटिमीटरांचा थर पुरतो, आणि विष्ठा मिसळल्यावर तोच खताच्या ढिगास हवा असलेला नायट्रोजन घेऊन येतो. उष्णता अडविण्याचा भुशाचा गुणही विसरण्याजोगा नाही. १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्यास पहिल्यांदा बर्फ आला, तो चार महिन्यांच्या समुद्रप्रवासात टिकला. ह्या व्यापारात बर्फाच्या लाद्यांभोवती भरण्यास लाकडाचा भुसा फार कामी आला.

हे सर्व उपयोग जमिनीवर पडलेल्या भुशाचे. हवेत तरंगणाऱ्या भुशाचा उपयोग कोणताच नाही. इंग्लंडातील हाय विकम ह्या सुतारकामाच्या गावी लाकडी सामान करणाऱ्या कामगारांत नाकाचा कर्करोग असाधारण प्रमाणात आढळतो, हे १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखविले. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक ठरविली. भुसा झाडताना सुतार नाकाला रुमाल बांधतो, पण सर्वांत बारीक कण रुमालातून आरपार जातात. यंत्राच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारा पंखा व पिशवी बसविली, तर छाती वाचते आणि भुसाही स्वच्छ व वेगळा मिळतो. मालकास पहिले कारण पटत नसेल, तर निदान दुसरे पटावे.

राहिला तो प्लायवुडचा, रंग दिलेल्या लाकडाचा आणि क्रिओसोट पाजलेल्या जुन्या रेल्वे स्लीपरांचा भुसा. ह्यांत राळ, रंग व विषारी द्रव्ये असतात, म्हणून तो शेगडीत, खुराड्यात किंवा खतात कोठेही जाता कामा नये. त्याचे पोते वेगळे आणि खुणेचे असावे. सिमेंटच्या भट्टीत उष्णता १४०० अंश सेल्सियसच्याही वर जाते व तेथे अशा द्रव्यांचे विघटन होते. जबलपूरपासून फार दूर नसलेल्या कटनी जिल्ह्यात कैमोर येथे सिमेंटचा कारखाना आहे. एखाद्या सुताराने आपले पोते तेथवर नेणे अशक्यच. पण शहरातील अशी पोती एका ठिकाणी गोळा करून मालमोटार भरेल इतकी झाल्यावर पाठविणे नगर प्रशासनास अवघड नसावे.