आपल्या मध्यरात्रीचं नाटक

या आठवड्यात एका ओळखीच्या कुटुंबाने आपल्या लंडन सहलीचा कार्यक्रम माझ्या हातात दिला. मे महिन्यात जायचंय. आई-बाबा, कॉलेजातली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. मी नाटकासाठी गाव गाठते आणि उरलेल्या वेळात गाव बघते, हे या सदराच्या वाचकांना पाठ आहे, तसं त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून ‘त्या शोबद्दल जरा सांगा’ एवढीच विनंती होती. कार्यक्रम टूरवाल्यांनी बेतलेला, छापील. राजवाडा, टॉवर ब्रिज, मेणाचे पुतळे, नदीतली फेरी, सगळं तासावारी लावलेलं. नाटक मात्र पहिल्याच दिवशी! दुपारी विमानतळ, मग हॉटेल, थोडी विश्रांती आणि ‘संध्याकाळी ऐच्छिक वेस्ट एंड शो’.

त्या एका ओळीचा मला फार राग आला आणि हा लेख लिहीपर्यंत तो उतरलेला नाही.

उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथे बहुतेक नाटकांचा पडदा संध्याकाळी साडेसातला उघडतो. म्हणजे मुंबईहून त्याच दिवशी उतरलेल्या माणसाच्या शरीरात तेव्हा रात्रीचे बरोबर बारा वाजलेले असतात. मध्यंतर होतं तेव्हा सव्वा वाजलेला असतो आणि नट वाकून नमस्कार करतात तेव्हा पावणेतीन. आदल्या रात्री झोप नाही, पोटात विमानातलं जेवण, समोर अंधार आणि बुडाखाली मऊ खुर्ची. अशा वेळी कितीही रसिक माणूस झोपणारच. मग तो परत आल्यावर सांगतो, ‘तिकडची नाटकं नुसता भपका असतो, मला काही भावलं नाही.’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की आता मी पहिला प्रश्न विचारते, ‘कोणत्या दिवशी पाहिलंत?’ उत्तर बहुतेक वेळा तेच असतं. नाटक पाहिलेलंच नसतं, आणि त्याच्याबद्दलचं मत मात्र जन्मभर राहतं.

याला अगदी सोपा उपाय आहे. वेस्ट एंडला बुधवारी किंवा गुरुवारी, आणि शनिवारी तर बहुतेक सगळीकडे, दुपारचा प्रयोग असतो. वेळ साधारण अडीचची. आपल्या शरीराला ती संध्याकाळचे सात वाटते, नाटकाची आपली हक्काची वेळ! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा दुपारचा प्रयोग धरावा. साडेपाचच्या आत बाहेर, उजेड असतो, आजी-आजोबांना घेऊन हॉटेल गाठायला घाई नाही. टूरवाल्यांनी ती दुपार मेणाच्या पुतळ्यांना दिली होती. मेणाचे पुतळे कुठल्याही वेळी तसेच उभे असतात. त्यांच्यासाठी दुपार कशाला घालवायची?

कोणतं नाटक, हा प्रश्न मी चटकन संपवते. ‘द माउसट्रॅप’ १९५२ साली सुरू झालं. करोनाकाळातला खंड सोडला तर ते चालूच आहे, १९७४ पासून सेंट मार्टिन्स थिएटरमध्ये. खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती शेवटी नट प्रेक्षकांना करतात. ‘ले मिझराब्ल’ १९८५ चं, ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ १९८६ चं आणि ‘द लायन किंग’ १९९९ पासून लायसियममध्ये. संगीत नाटकाची गोष्ट आधी वाचून जावी, कारण गाण्यातलं इंग्रजी पहिल्यांदा कानाला लागत नाही. आपण सौभद्राला गोष्ट कळावी म्हणून थोडेच जातो! कमी ऐकू येणाऱ्यांसाठी काही ठरावीक प्रयोगांना संवाद पडद्यावर लिहून दाखवतात. आपल्याकडच्या ज्येष्ठांना त्याचाही उपयोग होतो. यापुढे ज्याची त्याची आवड.

खरी गाडी अडली ती खुर्चीपाशी. आजोबांनी स्पष्ट सांगितलं, ‘पैसे खर्च करतोच आहोत तर पहिली रांग.’ आजोबांचा हा आग्रह कुठून येतो ते मला नीट कळतं, कारण आपण सगळे त्याच खिडकीपाशी वाढलो. प्लॅन उघडायच्या दिवशी सकाळी रांगेत उभं राहायचं, खिडकीतल्या काकांनी पेन्सिलीने खुणा केलेला तो कागद वळवून दाखवायचा आणि आपण बोट ठेवायचं, ‘पुढून तिसरी, मधल्या दोन द्या.’ आपलं नाटक बैठकीच्या खोलीत घडतं, चार माणसं बोलतात, नटाच्या भुवईत नाटक असतं. त्याला पुढची रांगच हवी. आपल्या सवयीत खोट काढण्यासारखं काही नाही.

पण तिकडच्या मोठ्या संगीत नाटकात तीस-चाळीस माणसं एकदम रंगमंचावर येतात, नाचताना आकृत्या बांधतात, जमिनीवर प्रकाशाचे पट्टे पडतात. रंगमंच उंच असला तर पहिल्या रांगेतून नाचणाऱ्यांची पावलंच दिसत नाहीत. मान वर करून अडीच तास बसायचं आणि आकृती बघायचीच राहायची. अशा नाटकाला पहिल्या सज्जाच्या, म्हणजे ड्रेस सर्कलच्या, मधल्या खुर्च्या घ्याव्यात. त्यातही अगदी पहिली रांग नको, कारण पुढचा सुरक्षेचा आडवा दांडा बुटक्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर येतो. दुसरी-तिसरी रांग उत्तम. तळमजल्यावर, म्हणजे स्टॉल्समध्ये, बसायचं तर फार मागे जाऊ नये. वरच्या सज्जाचं छत पुढे आलेलं असतं आणि ते रंगमंचाचा वरचा भाग कापतं. ‘फँटम’मधलं ते प्रसिद्ध झुंबर मागच्या स्टॉल्समधून वर टांगलेलं असताना दिसत नाही. आणि त्या नाटकातून झुंबर वजा केलं तर कसं चालेल?

याला अपवादही आहेत, म्हणूनच आधी नाटक ठरवायचं आणि मग खुर्ची. ‘लायन किंग’च्या सुरुवातीला प्राण्यांची मिरवणूक प्रेक्षकांमधल्या वाटांवरून रंगमंचाकडे जाते. तिथे मी मुलीला स्टॉल्समध्ये वाटेकडेची खुर्ची घ्यायला सांगितली, हत्ती तिच्या कोपराजवळून जाईल. वरच्या बाल्कनीतून तो प्रवेश अर्धामुर्धाच दिसतो. उलट ‘माउसट्रॅप’ हे दिवाणखान्यातलं नाटक आहे आणि थिएटरही छोटं आहे. तिथे आजोबांनी खुशाल पुढे बसावं. त्यांचं आणि माझं एकमत झालं ते इथेच.

गुडघ्यांचाही विचार करायला हवा. वेस्ट एंडची बहुतेक नाट्यगृहं शंभर-सव्वाशे वर्षांची आहेत. पॅलेस १८९१ चं, विंडम्स १८९९ चं, अपोलो १९०१ चं, आज सोंडहाइम म्हणतात ते १९०७ चं. तेव्हा स्वस्त तिकीटवाल्यांचा जिनाही वेगळा बांधत, बाजूच्या गल्लीतून, म्हणजे श्रीमंतांच्या दालनात त्यांचं पाऊल पडू नये. तो जिना अजून तसाच आहे, उंच आणि वळणावळणाचा, आणि कित्येक ठिकाणी वरपर्यंत लिफ्ट नाही. वरच्या बाल्कनीचा उतार इतका उभा असतो, की खाली बघताना पोटात गोळा येतो, आणि दोन रांगांमधली जागा त्या काळच्या लोकांच्या मापाची. स्टॉल्स बऱ्याच थिएटरांत रस्त्याच्या पातळीखाली असतात. क्रायटेरियन तर जवळजवळ पूर्ण जमिनीत आहे. त्यामुळे तळमजला म्हणजे पायऱ्या नाहीत, हा आपला समज तिथे चालत नाही. पुष्कळदा रस्त्यावरून आत गेल्यावर सर्वांत जवळ असतो तो ड्रेस सर्कल. आजींच्या गुडघ्यांसाठी थिएटरला आधी फोन करून पायऱ्या किती ते विचारावं. ती माणसं नीट सांगतात.

नीट सांगतात, हे मला विशेष वाटतं. खांबाआड येणारी, दांड्यामागची, टोकाची खुर्ची असेल तर तिकडे ‘दृश्य अंशतः अडलेलं’ असं तिकिटावर छापलेलं असतं आणि त्या मानाने किंमत कमी असते. घेणाऱ्याने ठरवायचं. मी अशी खुर्ची अनेकदा घेतली आहे. थोडं अंग वळवलं की नव्वद टक्के नाटक दिसतं. फक्त पुढे झुकायचं नाही, कारण उभ्या उतारावर एक माणूस झुकला की त्याच्या मागच्या सगळ्यांचं नाटक जातं. आपल्याकडे एका नाट्यगृहात गेल्या पावसाळ्यात मला टोकाची खुर्ची पूर्ण दराने मिळाली. तिथून अर्ध्या नेपथ्याऐवजी विंगेतला पंखा दिसत होता. कोणी आधी सांगितलं असतं तर मी मागची खुर्ची आनंदाने घेतली असती. आपल्या नाट्यगृहांच्या प्लॅनवर त्या चार-सहा खुर्च्यांसमोर एक खूण आणि थोडा कमी दर, एवढं करायला काय अडचण आहे, ते मला कोणी समजावून सांगावं.

ऐनवेळी तिकीट काढणाऱ्यांसाठी लेस्टर स्क्वेअरला टीकेटीएसची टपरी आहे. ती १९८० पासून लंडनच्या नाट्यगृहांची संघटनाच चालवते. त्या दिवसाची आणि पुढच्या काही दिवसांची तिकिटं तिथे कमी दरात मिळतात. खुर्चीचा क्रमांक विचारून, प्लॅन डोळ्यांनी बघूनच पैसे द्यावेत.

कॉलेजातल्या मुलीने मात्र माझी बैठक मोडली. ती म्हणाली, ‘मावशी, खुर्चीच नको असेल तर?’ मग मी तिला ग्लोबबद्दल सांगायला लागले आणि बाकीची सहल बाजूला राहिली.

थेम्सच्या दक्षिण काठावर १९९७ साली शेक्सपिअरचं ग्लोब पुन्हा उभं राहिलं. मूळचं १५९९ चं, १६१३ मध्ये जळालेलं. अमेरिकन नट सॅम वॉनामेकर याने त्याचा ध्यास घेतला आणि ते पूर्ण होण्याआधीच तो गेला. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये परवानगी मिळालेलं हे पहिलं गवती छपराचं बांधकाम. भोवती लाकडी बाकांचे तीन मजले, बाकावर घ्यायला उशी भाड्याने मिळते. मध्ये उघडं अंगण, त्यात सातशे माणसं उभी राहतात. या उभ्याच्या तिकिटाला सुरुवातीपासून वीसेक वर्षं फक्त ५ पौंड पडत. दर आता वाढले आहेत, पण आजही लंडनमधल्या सर्वांत स्वस्त तिकिटांपैकी हे एक आहे. प्रयोग चालू असताना खाली बसायचं नाही. पाऊस आला तर नाटक थांबत नाही आणि छत्री उघडायला मनाई, रेनकोट घालायचा. लवकर गेलं तर रंगमंचाला कोपरं टेकून उभं राहता येतं. नट हातभर अंतरावर, त्याला तुमचा चेहरा दिसतो आणि तो तुमच्याशी बोलतो. महागड्या बाकांवरून पाहताना रंगमंचावरचे दोन मोठे खांब मध्ये येतात. अंगणात मात्र खांब आड आला की दोन पावलं सरकायचं. जगातली उत्तम खुर्ची कोणती असं मला विचारलं, तर मी या अंगणाकडे बोट दाखवीन.

याच रंगमंचावर २०१२ साली शेक्सपिअरची ३७ नाटकं ३७ भाषांतून झाली. मुंबईतून दोन गेली. सुनील शानबाग यांनी बसवलेलं ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’ गुजरातीत आणि अतुल कुमार यांनी बसवलेलं ‘ट्वेल्थ नाइट’, म्हणजे ‘पिया बहरूपिया’, हिंदीत. बांगलादेशातून बंगाली, पाकिस्तानातून उर्दू. मराठी नव्हतं. ‘पिया बहरूपिया’तली व्हायोला म्हणजे आपली गीतांजली कुलकर्णी होती, त्याचा मला अभिमान आहे, पण ती तिथे हिंदीत बोलली. मराठीची अनुपस्थिती मला आजही टोचते, कारण शेक्सपिअर मराठीत नवा नाही. आगरकरांचं ‘विकारविलसित’ १८८३ चं, देवलांचं ‘झुंझारराव’ १८९० चं. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी हॅम्लेट करायचे आणि बाळाभाऊ जोग स्त्रीभूमिका, तेव्हा गावोगावचा प्रेक्षक त्यासाठी मैलोगणती येत असे. शिरवाडकर, विंदा, पाडगावकर यांनी पुढे त्याला मराठीत आणलं ते वेगळंच.

मुलीने विचारलं, ‘समजा उद्या बोलावलं, तर काय न्यायचं?’ मी क्षणभरही थांबले नाही. ‘त्राटिका’ न्यावं. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून केलेलं. नवरा-बायकोचं भांडण कळायला भाषा लागत नाही, आणि आजच्या दिग्दर्शिकेने शेवट बदलायलाच हवा, त्यावर भांडायलाही मी तयार आहे. नट घ्यावेत ते सिंधुदुर्गातले दशावतारी. डोक्यावर आभाळ, समोर उभी गर्दी, हातभर अंतरावरचे प्रेक्षक आणि समोरच्याने काहीही म्हटलं तरी जागच्या जागी जुळवलेलं उत्तर, हे त्यांचं जत्रेतलं रोजचं काम. शेक्सपिअरच्या काळी बायकांची कामं मुलगे करत, दशावतारात ती आजही पुरुष करतात, आणि त्यांच्यात असे नट आहेत की त्राटिकेचा पहिला प्रवेश ते नुसत्या एका वळून पाहण्याने मारून नेतील. आजोबांनी लगेच दोन नटांची नावं काढली. माझ्या मनात तिसरं होतं, आणि त्यावर आमची अजून चर्चा चालू आहे.