एकोणीस वर्षांचा आवाज

कोणत्याही कलावंताच्या पहिल्या कृतीकडे पाहण्याची आपली एक ठरावीक रीत आहे. 'होतकरू', 'आश्वासक', 'पुढील वाटचालीच्या खुणा येथे दिसतात' अशी दोन-चार विशेषणे तिच्या पदरात टाकली जातात आणि समीक्षक घाईघाईने त्या कलावंताच्या 'परिपक्व' कालखंडाकडे वळतो. पहिली कृती म्हणजे जणू देवळाची पायरी. तिच्यावर पाय ठेवायचा तो केवळ पुढे जाण्यासाठी! मला ही रीत मान्य नाही. काही पहिल्या कृतींमध्ये असे काही असते की, पुढे कितीही कीर्ती मिळाली, कितीही कसब हाती आले, तरी ते त्या कलावंताला पुन्हा साधत नाही. या म्हणण्यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे, ते पाहून आमच्या काही गुरुजनांच्या कपाळाला आठ्या पडतील याची मला पूर्ण कल्पना आहे. ते उदाहरण आहे 'मेटालिका' या अमेरिकन बँडच्या 'किल 'एम ऑल' या पहिल्या तबकडीचे.

ही तबकडी २५ जुलै १९८३ रोजी बाहेर पडली. त्या दिवशी गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफील्ड एकोणीस वर्षांचा होता. त्याचा विसावा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. ड्रम वाजवणारा लार्स उलरिकही एकोणीसच वर्षांचा. मुख्य गिटारवादक कर्क हॅमेट वीस आणि बासगिटारवर बसलेला क्लिफ बर्टन एकवीस वर्षांचा. म्हणजे वयाच्या हिशेबाने हे चौघेही आपल्या महाविद्यालयाच्या हजेरीपटात सहज बसले असते! हा तपशील मी कौतुकासाठी सांगत नाही. या तबकडीविषयी मला जे म्हणायचे आहे, त्याचा पायाच मुळी हे वय आहे.

आधी नेहमीच्या आक्षेपाचे बोलू. 'हा निव्वळ गोंगाट आहे' असे हे संगीत ऐकून दहापैकी नऊ माणसे म्हणतात. आवाज मोठा आहे, गती जबर आहे आणि गायकाच्या गळ्यात गोडवा औषधालाही नाही, हे सारे खरे. परंतु गोंगाट म्हणजे काय? ज्यात क्रम नाही, मोजमाप नाही, कोण कुठे आहे याचा कुणाला पत्ता नाही, तो गोंगाट. 'थ्रॅश मेटल' या प्रकारात नेमके याच्या उलट घडते. सत्तरीच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हेवी मेटलची जी नवी लाट आली, तिच्यातील गिटारच्या रेखीव, पुनःपुन्हा येणाऱ्या स्वरावळी घ्यायच्या आणि त्यांना पंक संगीताची बेफाम गती द्यायची, हा या प्रकाराचा मूळ विचार. गती वाढली की चूक लपत नाही, उलट ती चव्हाट्यावर येते. तबल्याचा रेला ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. द्रुत लयीत प्रत्येक बोल सुटा आणि स्वच्छ ऐकू आला तरच तो रेला. नाही तर नुसती खडखड.

हेटफील्डचा उजवा हात ऐकावा तो याच कानाने. तळव्याची कड तारांवर हलकेच टेकवून तो त्यांचा झंकार दाबून टाकतो आणि बहुतेक आघात वरून खाली असेच देतो. त्यामुळे तारेतून लांबणारा सूर निघण्याऐवजी घणाचा एकेक दबका ठोका निघावा तसा नाद येतो. 'व्हिपलॅश' हे गाणे ऐका. इतक्या वेगात ते ठोके एकसारख्या अंतराने पडत राहतात, हे शिस्तीवाचून शक्य आहे काय? मुखपृष्ठावर रक्ताच्या थारोळ्यात पडलेला हातोडा छापला आहे. रक्त मला आवडत नाही. हातोड्याची निवड मात्र अचूक आहे.

ही तबकडी निघाली कशी, ही हकीकतही ऐकण्यासारखी आहे. उलरिक हा मूळचा डेन्मार्कचा, नामवंत टेनिसपटू टॉर्बेन उलरिक यांचा मुलगा. अमेरिकेत आल्यावर १९८१ साली त्याने लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्रात जाहिरात देऊन सोबती शोधले आणि त्यातून त्याची हेटफील्डशी गाठ पडली. १९८२ च्या जुलैमध्ये त्यांनी सात गाण्यांची एक नमुन्याची कॅसेट तयार केली. त्या काळी या संगीताच्या चाहत्यांत कॅसेटवरून कॅसेट भरून एकमेकांना टपालाने धाडण्याची मोठी प्रथा होती. ना जाहिरात, ना रेडिओ, ना दूरचित्रवाणी. केवळ या हातोहात देवघेवीवर ही कॅसेट दूरदूर पोहोचली. पुढे निघालेल्या तबकडीतील दहांपैकी सात गाणी या कॅसेटमधलीच आहेत. बर्टनला ते आपल्यात बोलवू लागले तेव्हा त्याने एकच अट घातली : मी लॉस एंजेलिसला येणार नाही, तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला या. एका बासवादकासाठी उरलेल्यांनी बिऱ्हाड हलवले!

असेच त्यांचे एक ध्वनिमुद्रण देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीच्या एका बाजारात तबकड्यांचे दुकान चालवणाऱ्या जॉन झझुला यांच्या कानावर पडले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मार्शा यांनी या पोरांना पूर्वेकडे बोलावून घेतले. एकही मोठी कंपनी यांना दारात उभे करीना, तेव्हा या दांपत्याने स्वतःच 'मेगाफोर्स' नावाची कंपनी काढली. १९८३ च्या मे महिन्यात, न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर गावी, तीन आठवड्यांच्या आत ध्वनिमुद्रण उरकले. मार्शा २०२१ मध्ये आणि जॉन २०२२ मध्ये वारले. या संगीताचा इतिहास लिहिताना या दुकानदार जोडप्याला पहिल्या पानावर जागा द्यावी लागेल.

आता गाण्यांकडे वळू. 'हिट द लाइट्स' या पहिल्याच गाण्यात रंगमंचावरचे दिवे लागतात, ते विझण्याचे नाव घेत नाहीत. 'मोटरब्रेथ' जेमतेम तीन मिनिटांचे. वेगाने जगण्याचा उद्घोष, तोही वेगाने संपणारा. 'द फोर हॉर्समेन' सात मिनिटांहून मोठे. बायबलच्या अखेरच्या ग्रंथातील चार घोडेस्वारांची कल्पना घेऊन ते रचले आहे. घोडदौड ऐन भरात असताना मध्येच गाणे संथ होते, गिटार गाऊ लागते आणि पुन्हा टापा सुरू होतात. नुसती गती हेच ज्यांचे भांडवल असते, त्यांना असा विसावा सुचत नाही. 'सीक अँड डिस्ट्रॉय' तर इतके सोपे आणि इतके पक्के बांधलेले आहे की, पुढील कित्येक वर्षे या बँडचे कार्यक्रम त्यावर संपत आले.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती बर्टनची एकल बासगिटार, 'पुलिंग टीथ'. बासगिटार म्हणजे पंगतीत शेवटी वाढायला घेतलेला पदार्थ, असा एरवीचा समज. येथे ते वाद्य चार मिनिटे पाटावर मानाने बसले आहे. बर्टन बाखचा चाहता होता. आवाज फाटलेला, खरखरीत ठेवून तो स्वरांच्या अशा कमानी उभ्या करतो की, काही क्षण आपण एखाद्या उंच छताच्या प्रार्थनामंदिरात उभे आहोत असे वाटते. सुरुवातीला ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा आवाज 'हा पहिला प्रयत्न' अशा अर्थाचे काही पुटपुटतो, तोही त्यांनी तसाच राहू दिला आहे. मला तर ते सबंध तबकडीचे घोषवाक्य वाटते. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बर्टन गेला. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. 'अजून थोडी तयारी होऊ दे' म्हणून तो थांबून राहिला असता तर?

दुसरा आक्षेप नावाचा. 'सगळ्यांना मारून टाका' हे कसले नाव? येथे पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी. यांनी आधी ठरवलेले नाव असभ्य होते आणि वितरकांनी ते छापायला साफ नकार दिला. त्या वितरकांना उद्देशून बर्टनने वैतागून जे उद्गार काढले तेच नाव झाले. म्हणजे हा संहाराचा जाहीरनामा नव्हे. अडवणूक करणाऱ्या दुकानदारीवर काढलेला एका पोराचा राग आहे. तरीही मी सर्व शब्दांची वकिली करणार नाही. सैतान, युद्ध, शिकार हे विषय येथे फार हलक्या हाताने घेतले आहेत. काही कडवी तर शाळकरी वहीच्या मागच्या पानावर शोभावीत अशी आहेत. शब्दांच्या बाजूने ही तबकडी कच्ची आहेच. परंतु निम्मी गाणी मुळात कशाविषयी आहेत? संगीताविषयी, रंगमंचाविषयी, समोर मान हलवत उभ्या असलेल्या गर्दीविषयी! जगाविषयी सांगण्यासारखे अजून फारसे हाती नव्हते, म्हणून ज्याच्यावर जीव होता त्याविषयीच ते बोलले. ही अप्रामाणिकता नव्हे.

मला जो खरा प्रश्न छळतो तो वेगळाच आहे. कर्क हॅमेट हा या तबकडीवर वाजवणारा गिटारवादक. पण तो दाखल होऊन महिना-सव्वा महिनाच झाला होता. त्याच्या आधी त्या जागी डेव्ह मस्टेन होता. त्याचे मद्यपान आणि त्याचा भडक स्वभाव सोबत्यांना असह्य झाला, म्हणून १९८३ च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कला आल्यावर त्यांनी त्याला काढून टाकले आणि कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिले. सबंध खंड ओलांडून जायचा तो प्रवास! गाणी मात्र मागे राहिली. दहांपैकी चार गाण्यांवर रचनाकार म्हणून त्याचे नाव आहे. 'द फोर हॉर्समेन' हे त्यांपैकीच एक. त्याचे मूळ रूप त्याने १९८५ साली 'मेगाडेथ' या स्वतःच्या बँडच्या पहिल्या तबकडीवर आपल्या शब्दांनिशी आणि अधिक वेगाने वाजवून दाखवले. काढणाऱ्यांचे चुकले का? एका माणसापायी सर्वांचे काम बुडत असेल तर निर्णय घ्यावाच लागतो. पण चाहत्यांनी तरी ही तबकडी चौघांचीच आहे असे म्हणू नये. ती पाच जणांची आहे. पाचवा छायाचित्रात नाही, इतकेच. नाटकात, नियतकालिकात, कोठेही चारजण मिळून काम करतात तेथे असा एखादा पाचवा असतोच. त्याचे नाव घेण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ही तबकडी विक्रीच्या याद्यांत झळकली नाही. 'बिलबोर्ड'च्या दोनशेंच्या यादीत तिचा प्रथम शिरकाव झाला तो १९८६ साली, म्हणजे तिसरी तबकडी गाजल्यावर. पुढे तिच्या तीस लाख प्रतींची अमेरिकेत अधिकृत नोंद झाली. १९९१ सालच्या त्यांच्या काळ्या मुखपृष्ठाच्या तबकडीवर आठ-नऊ महिने काम चालले होते. ती अधिक सुबक आहे, तिच्यातील प्रत्येक ठोका जिथल्या तिथे आणि भरदार आहे, हे कुणीही मान्य करील. पण तिच्यात ती धास्ती नाही. 'उद्या आपल्याला कुणी पुन्हा या खोलीत शिरू देईल की नाही' ही धास्ती! 'किल 'एम ऑल'चे पन्नासएक मिनिटे त्या धास्तीनेच भरलेली आहेत. सर्व काही आत्ताच वाजवून टाकले पाहिजे अशी ती घाई आहे. परिपक्वतेने बाकी सारे मिळते. ही घाई मिळत नाही.

कुणी म्हणेल, हे सारे परक्यांचे. आपला काय संबंध? ३० ऑक्टोबर २०११ रोजी हाच बँड बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला, तेव्हा तेथे जमलेल्या तरुणांना हा प्रश्न पडला नव्हता. आणि संबंध जुळायला गाव एक लागत नाही, वय एक असले तरी पुरते. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वहीत कविता आहेत, अर्धवट एकांकिका आहेत, चाली आहेत. त्या बाहेर येत नाहीत, कारण 'अजून हात बसलेला नाही'. हात बसेल हो. पण तोवर ज्याच्यासाठी हात शिवशिवत होता ते हातात राहील का? कच्चे असणे हा गुन्हा नव्हे. कच्चे असताना गप्प बसणे हे मात्र नुकसान आहे, आणि ते कधीच भरून येत नाही.

गुरुजनांना एवढीच विनंती की, ही तबकडी एकदा ऐकावी. आवडली नाही तर खुशाल बंद करावी. पण बंद करण्यापूर्वी हेटफील्डचा उजवा हात ऐकावा, बर्टनची चार मिनिटे ऐकावीत, आणि मग तो गोंगाट आहे की काय, ते सांगावे.