परवाना प्रवासाचा, जबाबदारी कोणाची?

स्फोटके सीमेपलीकडे नेण्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांची यादी लांबलचक असते. मात्र हा माल वाटेत अडकला, जप्त झाला किंवा मालकाने वाऱ्यावर सोडला, तर तो कोणी आणि किती दिवसांत हलवायचा, याचे उत्तर त्या यादीत सापडत नाही. गेल्या काही वर्षांतील भीषण दुर्घटनांचे मूळ याच पोकळीत आहे.

श्रीनगरच्या वेशीवरील नौगाम पोलीस ठाण्यात १४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री झालेला स्फोट कोणी घडवून आणलेला नव्हता. फरिदाबादमध्ये जप्त करण्यात आलेल्या सुमारे २,९०० किलो स्फोटक सामग्रीपैकी काही साठा, गुन्हा नोंदवला गेलेल्या या ठाण्यात आणून ठेवण्यात आला होता. त्याचे नमुने घेण्याचे काम सुरू असताना तो फुटला आणि नऊ जणांचा बळी गेला. मृतांत पोलीस होते, न्यायवैद्यक विभागाचे कर्मचारी होते आणि कामासाठी बोलावलेला एक शिंपीही होता. दिल्लीत लाल किल्ल्याजवळ झालेल्या स्फोटाला तेव्हा अवघे चार दिवस झाले होते. साहजिकच संशय घातपाताकडे वळला. मात्र हा अपघात असल्याचे जम्मू-काश्मीर पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी स्पष्ट केले.

नौगामची घटना देशांतर्गत होती. पण तिने जो प्रश्न उभा केला, तो सीमा ओलांडणाऱ्या स्फोटकांच्या बाबतीत कैक पटींनी गंभीर होतो. स्फोटके कायद्याच्या ताब्यात आली, म्हणजे ती सुरक्षित झाली, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ताब्यात आल्यानंतरच त्यांची जबाबदारी सर्वाधिक धूसर होते.

कागदांची साखळी

स्फोटके म्हटली, की युद्ध आणि दहशतवाद आठवतो. परंतु जगात स्फोटकांचा मोठा वापर होतो तो कोळशाच्या आणि धातूंच्या खाणींत, दगडखाणींत, बोगदे आणि धरणांच्या कामांत. त्यामुळे त्यांचा व्यापारही मोठा आहे. नागपूर आणि परिसर हे देशातील स्फोटकनिर्मितीचे एक प्रमुख केंद्र असून, या उद्योगावर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालयही नागपुरातच आहे.

भारतात या व्यवहाराचा पाया १८८४ च्या स्फोटक कायद्याने घातला. आज त्याखालील २००८ चे नियम लागू आहेत. आयात किंवा निर्यात करायची, तर मुख्य स्फोटके नियंत्रकांचा परवाना हवा. माल ठेवण्यासाठी मान्यताप्राप्त मॅगझिन हवे, त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे ना हरकत प्रमाणपत्र हवे आणि रस्त्याने नेण्यासाठी परवानाधारक वाहन हवे. समुद्रमार्गे माल जाणार असेल, तर धोकादायक मालाविषयीची आंतरराष्ट्रीय सागरी संहिता लागू होते. २००४ पासून ही संहिता बंधनकारक आहे. पॅकिंग कसे असावे, खूण कोणती असावी, जहाजावर कोणता माल कोणाशेजारी ठेवू नये, हे सारे तिच्यात ठरवून दिलेले आहे.

युरोपीय महासंघाची पद्धत अधिक बोलकी आहे. तिथे एका सदस्य देशातून दुसऱ्यात नागरी वापराची स्फोटके न्यायची असतील, तर परवानगीची सुरुवात माल घेणाऱ्यापासून होते. घेणाऱ्याने आधी आपल्या देशाची मंजुरी मिळवायची. मग वाटेत लागणाऱ्या प्रत्येक देशाला कळवून त्याची संमती घ्यायची. आणि मंजुरीचा कागद मालाबरोबर शेवटपर्यंत ठेवायचा. १९९३ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था २०१४ च्या निर्देशाने नव्याने मांडली गेली. पाठवणाऱ्याला माल खपवण्याची घाई असते, घेणाऱ्याला मात्र तो कुठे ठेवायचा याचा विचार करावा लागतो. म्हणून आधी घेणाऱ्याला उत्तरदायी धरणे शहाणपणाचे ठरते.

जगव्यापी करार मात्र फारच तोकडे आहेत. १९८८ मध्ये लॉकर्बीच्या आकाशात विमान उडवले गेले आणि २७० जण मारले गेले. त्यानंतर १९९१ मध्ये माँट्रियल येथे प्लॅस्टिक स्फोटकांविषयीचा करार झाला. यंत्रांना वास लागावा असा रासायनिक घटक ज्यात मिसळलेला नाही, अशा प्लॅस्टिक स्फोटकांची ये-जा त्याने रोखली. उपाय नेमका होता, पण तो एकाच प्रकारच्या स्फोटकांपुरता. खाणीत वापरल्या जाणाऱ्या सर्वसाधारण मालाच्या सीमापार प्रवासाला अशी एकसंध जागतिक चौकट नाही. प्रत्येक देशाचा परवाना त्याच्या हद्दीत सुरू होतो आणि हद्दीतच संपतो.

एकच पदार्थ, तीन नावे

दुसरी अडचण वर्गीकरणाची. अमोनियम नायट्रेट हा पदार्थ शेतकऱ्यासाठी खत आहे, जहाज कंपनीसाठी तो ज्वलनाला मदत करणारा ऑक्सिडीकारक आहे आणि खाणमालकासाठी स्फोटकाचा कच्चा माल आहे. ९४ टक्के अमोनियम नायट्रेटमध्ये सहा टक्के इंधन तेल मिसळले, की खाणीत वापरले जाणारे सर्वांत स्वस्त स्फोटक तयार होते. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीत प्रत्यक्ष स्फोटके पहिल्या वर्गात मोडतात, तर सर्वसाधारण अमोनियम नायट्रेट पाचव्या वर्गात. परिणामी स्फोटकांसाठीचे कडक निर्बंध या पदार्थाला आपोआप लागू होत नाहीत.

भारताने ही फट काही प्रमाणात बुजवली. ४५ टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेल्या मिश्रणांना २०११ मध्ये स्फोटक ठरवण्यात आले आणि २०१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम आले. अनेक दहशतवादी हल्ल्यांत या पदार्थाचा वापर झाल्यानंतर उचललेले हे पाऊल योग्यच होते. मात्र त्या नियमांचा रोख प्रामुख्याने चोरी आणि गैरवापर रोखण्यावर होता. माल पडून राहिला तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणाला तातडीचा वाटला नसावा.

बैरुतचे गोदाम, सायप्रसचा नाविक तळ

त्या प्रश्नाचे उत्तर ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुतने दिले. ‘ऱ्होसस’ हे मोल्दोवाचा ध्वज लावलेले जहाज २०१३ मध्ये जॉर्जियातील बाटुमी बंदरातून २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन निघाले होते. माल मोझांबिकमधील स्फोटकनिर्मात्या कंपनीसाठी होता. म्हणजे पाठवणारा ठाऊक होता, घेणारा ठाऊक होता, प्रवासाचा हेतू वैध होता. वाटेत जहाज जादा माल चढवण्यासाठी बैरुतला थांबले आणि तिथेच अडकले. जहाज समुद्रप्रवासाला योग्य नसल्याचे आढळले, शुल्क थकले, मालकाने हात झटकले. कप्तान आणि काही खलाशी कित्येक महिने जहाजावरच अडकून पडले. अखेर २०१४ मध्ये माल बारा क्रमांकाच्या गोदामात उतरवण्यात आला.

यानंतरची सहा वर्षे प्रशासकीय इतिहासात अभ्यासण्याजोगी आहेत. कोणालाच काही माहीत नव्हते, असे अजिबात नाही. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी न्यायाधीशांना वारंवार पत्रे लिहिली. माल पुन्हा निर्यात करावा, लष्कराकडे सोपवावा किंवा स्थानिक स्फोटक कंपनीला विकावा, असे पर्यायही सुचवले. पण निर्णय कोणाच्या अधिकारकक्षेत येतो, याचाच निर्णय झाला नाही. ज्या जहाजातून हा माल आला, ते २०१८ मध्ये बंदरातच बुडाले. माल मात्र गोदामातच राहिला. स्फोटात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली, हजारो जखमी झाली आणि सुमारे तीन लाख लोक बेघर झाले.

बैरुतच्या नऊ वर्षे आधी शेजारच्याच सायप्रसने हा अनुभव घेतला होता. इराणहून सीरियाकडे निघालेले एक जहाज संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांचा भंग केल्यावरून २००९ मध्ये अडवण्यात आले. त्यावरील दारूगोळ्याचे ९८ कंटेनर सायप्रसच्या नाविक तळावर उघड्यावर, रणरणत्या उन्हात ठेवण्यात आले. नष्ट करावेत, तर सीरियाशी संबंध बिघडण्याची धास्ती. परत द्यावेत, तर निर्बंधांचा भंग. लष्करी अधिकाऱ्यांनी धोक्याची जाणीव करून दिली होती. तरीही मुत्सद्देगिरीच्या घोळात दोन वर्षे गेली आणि ११ जुलै २०११ च्या पहाटे कंटेनर फुटले. नाविक दलाच्या प्रमुखांसह तेरा जण मृत्युमुखी पडले. शेजारचे देशातील सर्वांत मोठे वीजकेंद्र उद्ध्वस्त झाले. पुढे तत्कालीन संरक्षणमंत्र्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

सायप्रसचा माल बेकायदा होता, बैरुतचा कायदेशीर. एकीकडे भक्कम सरकार होते, दुसरीकडे खिळखिळे. तरी शेवट एकच झाला. यावरून दोष केवळ भ्रष्टाचाराचा किंवा निष्काळजीपणाचा नाही, हे उघड होते. दोन्ही ठिकाणी माल हलवण्याचा अधिकार एकाकडे, ताबा दुसऱ्याकडे आणि धोका तिसऱ्याच्या उशाशी होता.

चेन्नईचा धडा अपुरा

बैरुतच्या बातम्या येताच भारतात धावपळ उडाली, कारण चेन्नईजवळच्या कंटेनर केंद्रात सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट २०१५ पासून पडून होते. दक्षिण कोरियाहून आलेला हा माल आवश्यक परवाना नसल्याने सीमाशुल्क विभागाने जप्त केला होता. पाच वर्षे न हललेले ३७ कंटेनर बैरुतनंतर काही दिवसांतच लिलावाअंती हैदराबादकडे रवाना होऊ लागले. हे पाच वर्षांत का झाले नाही, याचे उत्तर तेच: कागद पूर्ण नसलेल्या मालाचे काय करायचे, याचा कागद नव्हता.

सन २०२१ मध्ये भारताने नियमांत दुरुस्ती केली. अमोनियम नायट्रेट केवळ गोण्यांमध्येच आयात करावे, ते बंदर क्षेत्रापासून ५०० मीटरपलीकडील गोदामात हलवावे, अग्निशमनाची व्यवस्था असावी आणि जप्त मालाचा लिलाव करून त्याची लवकर विल्हेवाट लावावी, अशा या तरतुदी आहेत. त्यांचे स्वागत करायला हवे. मात्र त्यांची नजर बंदर आणि गोदामावर आहे. फौजदारी गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून जप्त झालेली स्फोटके पोलीस ठाण्याच्या आवारात येतात, तेव्हा त्यांचा प्रवास पुरावा, पंचनामा आणि तारखा यांच्या वाटेने होतो. नौगामने हेच दाखवून दिले.

घड्याळ लावायला हवे

परवाने आणखी कडक करा, ही अशा वेळची नेहमीची मागणी. तिच्यात तथ्य थोडे आणि धोका अधिक. परवाना जितका किचकट, तितका माल वाटेत अडकण्याचा संभव जास्त. खाणी आणि बोगद्यांची कामे थांबत नाहीत. कागद अडला, की माणसे आडवाटा शोधतात. म्हणून गरज आहे ती परवान्यातच शेवटाची तरतूद करण्याची.

पहिली गोष्ट, मुदत. अडकलेला किंवा जप्त झालेला माल ठरावीक दिवसांत परत पाठवणे, परवानाधारकाला विकणे किंवा नष्ट करणे बंधनकारक हवे. ‘पुरावा नष्ट होईल’ हा आक्षेप टिकणारा नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५२-अ नुसार जप्त मालाची यादी, छायाचित्रे आणि नमुने दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घेतले, की खटला संपण्याआधीच मालाची विल्हेवाट लावता येते आणि तो पुरावाही ग्राह्य ठरतो. अमली पदार्थांच्या बाबतीत जे शक्य आहे, ते स्फोटकांच्या बाबतीत अशक्य का असावे?

दुसरी गोष्ट, पैसा. ‘ऱ्होसस’च्या मालकाला जहाज सोडून देणे परवडले, कारण विल्हेवाटीचा भार बंदराच्या गळ्यात पडला. निर्यातीच्या परवान्यासोबतच माल परत नेण्याच्या किंवा नष्ट करण्याच्या खर्चाची बँक हमी घेतली, तर हात झटकणे महाग पडेल. तिसरी गोष्ट, वाटेतील देशाची संमती. युरोपात स्फोटकांसाठी असलेला हा नियम मोठ्या प्रमाणातील अमोनियम नायट्रेटलाही लागू व्हायला हवा. आपल्या बंदरात काय येऊन थांबले आहे, हे शहराला स्फोटाने कळू नये.

मुंबईला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ब्रिटनहून कराचीमार्गे आलेले ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फुटले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि जोडीला कापसाच्या गासड्या. स्फोटकांचे जहाज गोदीत घेण्यावरील बंधने युद्धाच्या घाईत शिथिल झाली होती. आग लागल्यानंतर जहाज बुडवायचे, की बाहेर न्यायचे, यावर एकमत झाले नाही आणि ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हेही स्पष्ट नव्हते. आगीशी झुंजणारे ६६ जवान त्या दिवशी गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

सप्ताह पाळला जातो, कवायती होतात, पुष्पचक्रे वाहिली जातात. त्याच आठवड्यात प्रत्येक बंदराने आणि प्रत्येक जिल्ह्याने आपल्या हद्दीत पडून असलेल्या स्फोटक मालाची यादी, तो हलवण्याची तारीख आणि त्यासाठी जबाबदार अधिकाऱ्याचे नाव जाहीर केले, तर त्या ६६ जणांचे स्मरण अधिक सार्थ होईल. नौगामनंतर तरी यासाठी आणखी एका स्फोटाची वाट पाहिली जाऊ नये.