पस्तीस तक्रारींचे वजन



कापसाची पहिली वेचणी घरी आली की भाव चढेल या आशेने आपण तो घरातच भरून ठेवतो. ओसरीत मावला नाही तर माजघरात, तिथेही मावला नाही तर आपण झोपतो त्या खोलीत. पोरे त्याच ढिगावर लोळतात, म्हातारी माणसे त्यालाच टेकून बसतात. आणि हल्ली त्या ढिगाशेजारच्या भिंतीतल्या बटणाला वायर लावून घरातला मोबाईल रात्रभर चार्जिंगला पडलेला असतो. वर्षाची कमाई आणि ती हातभर वायर, दोन्ही एकाच कोपऱ्यात.

गेल्या दोन-तीन बैठकांत मोबाईल पेटण्याचा विषय निघाला. एकाने फोनवरच फोन पेटल्याचा व्हिडिओ दाखवला. दुसरा म्हणाला, हे सगळे बनावट असते. तिसऱ्याचे म्हणणे, मोठ्या कंपनीचा माल असला की काही होत नाही. चौथ्याने सांगितले, आपण तर रात्री फोन पाण्याच्या रांजणाजवळ ठेवतो. सगळे हसले आणि विषय संपला. आम्हाला वाटते, हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही आणि घाबरून जाण्याचाही नाही. तो समजून घेण्याचा आहे. फोन पेटल्याच्या बातम्या आल्यावर लोक काय करतात यावरच पुढचे बरेच काही ठरते. त्यात कोरडवाहू शेतकऱ्याने शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी आपल्या ओळखीची गोष्ट घेऊ. टॉर्चवाला नोकिया ११०० आपल्यापैकी किती जणांच्या खिशात होता ते आठवा. रात्री मोटर चालू करायला जाताना तोच आपला कंदील. त्याच्यात बीएल-५सी नावाची बॅटरी असे. १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकिया कंपनीने जाहीर केले की जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या या जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांत दोष असू शकतो, चार्जिंगच्या वेळी त्या तापू शकतात. जगभरातून अशा सुमारे १०० तक्रारी आल्या होत्या. आपल्याकडे बातमी पोहोचली आणि एकच गडबड उडाली. वाहिन्यांवर तीच चर्चा, दुकानांपुढे रांगा. खरे तर करायचे होते एवढेच: बॅटरी काढायची, तिच्या पाठीवरचा २६ अक्षरी क्रमांक पाहायचा, तो कंपनीला कळवायचा आणि दोषी निघाली तर फुकट बदलून घ्यायची. पण क्रमांक पाहणारे थोडे आणि ऐकीव गोष्टीवर घाबरणारे फार, असे झाले.

दुसरी गोष्ट नऊ वर्षांनंतरची. कोरियाच्या सॅमसंग कंपनीने गॅलेक्सी नोट ७ हा भारी किमतीचा फोन १९ ऑगस्ट २०१६ रोजी कोरिया आणि अमेरिकेत विक्रीला आणला. भारतात तो ५९,९०० रुपयांना येणार होता, पण विक्रीला आलाच नाही. कारण दोन आठवड्यांच्या आत, २ सप्टेंबरला, कंपनीने जगभरची विक्री थांबवली आणि बाहेर गेलेले २५ लाख फोन बदलून देण्याची घोषणा केली. तोपर्यंत कंपनीच्या दप्तरी तक्रारी किती होत्या? ३५. पंचवीस लाखांत पस्तीस, म्हणजे सत्तर हजार फोनमागे एक.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा तक्रारींसाठी एवढी मोठी कंपनी कशी वाकली? त्याचे उत्तर तक्रारींच्या संख्येत सापडत नाही, त्या तक्रारी कशा होत्या यात सापडते. ज्याचा फोन जळला त्याने जळका फोन फेकून दिला नाही. त्याचे फोटो काढले, ते सगळ्यांना दिसतील असे ठेवले, खरेदीची तारीख सांगितली, फोनचा क्रमांक दिला. एकाचे पाहून दुसरा बोलला. पस्तीस घरांतल्या पस्तीस दुर्घटना एका कागदावर आल्या आणि ते नशीब न राहता दोष ठरला. अमेरिकेत अशा तक्रारी नोंदवून घेणारा सरकारी आयोग आहे. १५ सप्टेंबरला त्याने अधिकृत परतीचा हुकूम काढला तेव्हा त्याच्या हिशेबात एकट्या अमेरिकेतल्या ९२ तक्रारी होत्या. त्यांतल्या २६ भाजल्याच्या आणि ५५ मालमत्तेच्या नुकसानीच्या होत्या. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही ९ सप्टेंबरला सूचना काढली की हा फोन विमानात चालू करू नये, चार्ज करू नये आणि सामानात टाकू नये.

कंपनीच्या पदरात तिचे माप टाकले पाहिजे. सरकारी हुकूम येण्याआधी तिने स्वतःहून विक्री थांबवली. पण घाई झाली. दोष एकाच कारखान्याच्या बॅटरीत आहे असे धरून दुसऱ्या कारखान्याची बॅटरी घातलेले फोन लोकांना बदलून दिले. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत लुइव्हिल येथे उड्डाणाच्या तयारीतल्या विमानात धूर निघाला, प्रवाशांना खाली उतरवावे लागले. धूर निघाला तो बदलून दिलेल्या फोनमधून! पुन्हा लोकच बोलले, पुन्हा पुरावा पुढे आला. ११ ऑक्टोबरला कंपनीने तो फोन बनवणे कायमचे बंद केले. नुकसानीचा अंदाज पाच अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

मग कंपनीने दोन लाख फोन आणि तीस हजार सुट्या बॅटऱ्या तपासल्या, बाहेरच्या तपासणी संस्था बोलावल्या आणि २३ जानेवारी २०१७ रोजी निष्कर्ष सांगितला. तो साधा आहे. बॅटरीत धन आणि ऋण असे दोन पातळ पत्रे गुंडाळलेले असतात, मधे प्लॅस्टिकचा तलम पडदा असतो आणि सगळे एका ज्वालाग्राही द्रवात भिजलेले असते. पडदा शाबूत आहे तोवर काम बिनबोभाट चालते. पडदा फाटला, दोन पत्रे भिडले की आतल्या आत शॉर्ट होते, उष्णता वाढते आणि त्या उष्णतेने आणखी उष्णता वाढत जाते. पहिल्या कारखान्याच्या बॅटरीचा एक कोपरा दबून पत्रा वाकला होता. दुसऱ्याच्या बॅटरीत जोडकामाच्या जागी धातूची टोके राहिली होती आणि काहींत तर वेगळेपणासाठी लावायची पट्टीच नव्हती. केसाएवढी चूक, पण घर जाळायला पुरेशी.

या सगळ्यात लोकांचे वागणे तीन प्रकारचे होते. काही घाबरले आणि प्रत्येक फोनकडे बॉम्ब म्हणून पाहू लागले. काहींनी चेष्टा केली. आणि काहींनी नोंद केली. पहिल्या दोघांनी दोष शोधला गेला नाही. तो गेला तिसऱ्यांमुळे. चौथेही होते. सुमारे ३० लाख ६० हजार फोन विकले गेले होते. जानेवारी २०१७ पर्यंत त्यांतले ९६ टक्के परत आले. उरलेल्यांतल्या पुष्कळांना सगळे कळत होते, पण फोन आवडला होता. ‘आपल्याला काही होत नाही’ हा आजार काही आपल्याच गावाचा नाही. शेवटी अमेरिकेत कंपनीला त्या फोनचे चार्जिंगच बंद पडेल अशी व्यवस्था करावी लागली.

आता हे आपल्या बांधावर आणून पाहू.

ज्या जानेवारीत जळक्या फोनचा अहवाल आला, त्याच २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. माणसे पावसाळ्यातच आजारी पडू लागली होती, आणि राज्याचे लक्ष गेले ते ऑक्टोबर उजाडता उजाडता. एका फोनच्या पस्तीस तक्रारींना दोन आठवड्यांत उत्तर मिळाले. आपल्या माणसांच्या जिवाला काही महिने लागले. फोन महाग आणि माणूस स्वस्त, एवढेच म्हणून थांबता येईल आणि ते खोटेही नाही. पण आपल्या बाजूचेही खरे बोलू. फवारणाऱ्या मजुराच्या हाती पावती नसते. बाटली रिकामी झाली की बांधावर भिरकावली जाते. कोणते औषध, कोणत्या लॉटचे, कशात मिसळले, हे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तर घरचे एकमेकांकडे पाहतात. प्रत्येक घर आपले दुःख आपल्यापुरते गिळते. वेगवेगळ्या गावांत घडले ते एका कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही ते सरकारला दिसत नाही.

बियाण्याचे तेच. उगवले नाही की आपण पाऊस कमी पडला म्हणतो, दुबार पेरतो आणि नशिबाला बोल लावतो. पिशवी तर कधीच चुलीत गेलेली असते.

वास्तविक कायदा आपल्याला वाटतो तेवढा दुबळा नाही. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकता येते. धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. कायदा आहे, पण तो पावती मागतो.

म्हणून आमचे सांगणे दोन भागांत आहे. पहिला भाग आजच रात्रीपासून करण्याचा.

एक, जिथे कापूस, कडबा किंवा सरकी आहे त्या खोलीत फोन, पॉवर बँक, फवारणीच्या पंपाची बॅटरी यांतले काहीही चार्जिंगला लावू नका. जागा नसेल तर उंबऱ्याबाहेर, फरशीवर किंवा दगडावर ठेवा. कापूस एकदम भडकला नाही तरी आतून धुमसत राहतो आणि मध्यरात्री उठतो.

दोन, उशीखाली, वाकळेखाली फोन ठेवून चार्ज करू नका. उष्णतेला बाहेर पडायला वाट हवी.

तीन, बॅटरी फुगली, फोनची पाठ वर आली की तो फोन त्या दिवसापासून बंद. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, पोरांच्या हाती देऊ नका.

चार, आठवडी बाजारातला बिननावाचा चार्जर स्वस्त वाटतो, पण त्याला कापसाची किंमत जोडून पाहा. चार्जरवर आणि बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो, तो पाहून घ्या.

पाच, पेट घेतलाच तर आधी बटण बंद करा, माणसे बाहेर काढा, मग भरपूर पाणी ओता. धूर विषारी असतो, तो नाकातोंडात जाऊ देऊ नका.

दुसरा भाग वर्षभर करण्याचा. प्रत्येक गावाने एक वही घालावी. शंभर पानी साधी वही पुरे. फोन पेटला, चार्जर फुटला, पंपाची बॅटरी जळली, बियाणे उगवले नाही, औषधाने माणूस आजारी पडला, जे घडेल ते त्याच दिवशी तारखेसह लिहावे. वस्तूचे नाव, लॉट क्रमांक, दुकान, पावतीचा क्रमांक. पावती नसेल तर ‘पावती दिली नाही’ असेही लिहावे. पुढच्या वेळी दुकानदाराला विचारण्याची लाज त्यामुळे मोडेल. जळालेली वस्तू, रिकामी बाटली, बियाण्याची पिशवी थोड्या दाण्यांसह जपून ठेवावी. ऐकीव गोष्ट वहीत नको. व्हिडिओत पाहिलेले नको. आपल्या गावात, आपल्या डोळ्यांदेखत घडले तेवढेच. एक खोटी नोंद दहा खऱ्या नोंदींचे वजन घालवते.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना ही वही बरोबर आणावी. एका गावात एकच नोंद असेल, ती वाचताना कदाचित हसूही येईल. पण चाळीस गावांच्या वह्या शेजारी ठेवल्या आणि त्याच लॉटचा क्रमांक दुसऱ्या, पाचव्या, अकराव्या वहीत सापडला, तर त्या दिवशी तो कागद कोणालाही बाजूला सारता येणार नाही. त्या पस्तीस माणसांच्या हाती यापेक्षा मोठे हत्यार नव्हते.

आणि आज रात्री घरी गेल्यावर सर्वांत आधी कापसाजवळची ती वायर काढा.