धक्का सोसणारा धक्का हवा

धामणकर नाक्यावर सकाळी उभे राहून पाहा. ठाण्याकडे निघालेला कष्टकरी रिक्षात कोंबला जातो आणि अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी अशी कोंडी सोसत जातो. उशीर झाला की हजेरी बुडते ती त्याचीच. २०१६ च्या कायद्याने वसईची खाडी व उल्हास नदी राष्ट्रीय जलमार्ग ५३ मध्ये आली. पुढे सागरमाला योजनेतून कोलशेत, डोंबिवली, मीरा-भाईंदरबरोबर आपल्या काल्हेरलाही जेट्टी मंजूर झाली. आम्हाला आनंदच झाला. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला, तेव्हा श्रम खाते बाबासाहेबांकडे होते. नौकानयन त्या आयोगाच्या नावातच होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

पण बोट धक्क्याला जोरात आदळली तर काय, हा आमचा सवाल आहे. १५ ऑक्टोबर २००३ रोजी न्यूयॉर्कची ‘अँड्र्यू बार्बेरी’ ही फेरीबोट चालकाचे भान हरपल्याने वेगात काँक्रीटच्या धक्क्यावर गेली. काँक्रीटने बोटीची बाजू फाडली, ११ प्रवासी मेले. म्हणजे धक्का नुसता भक्कम असून भागत नाही, त्याने मार पचवला पाहिजे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. त्यासाठी रबरी फेंडर लागतात आणि फलाटापासून वेगळे रोवलेले, थोडे वाकणारे खांब लागतात. बोट आधी त्यांना भिडावी, माणसांच्या फलाटाला नव्हे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीचा फरक चार मीटरहून अधिक होतो, खाडीतही पाणी चढते-उतरते. फेंडर एकाच उंचीवर ठोकले तर ओहोटीला बोट त्यांच्या खाली उघड्या खांबावर आदळणार. तेव्हा तरंगता फलाट हवा, नाहीतर वरपासून खालपर्यंत फेंडर. जुने टायर लटकवले की झाले, ही ठेकेदारी समजूत आहे.

२०१३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कलाच दुसरी बोट धक्क्याला आदळली. जखमींत उतरण्यासाठी आधीच उठून उभे राहिलेले बरेच होते. आपल्याकडे तर बोट टेकण्याआधीच उडी मारतात. तिला हौस तरी कशी म्हणावी? मस्टरची घाई असते. म्हणून दोर बांधला जाईपर्यंत फाटक बंद हवे.

बोट टेकतानाचा भार कसा मोजावा, हे भारतीय मानक ४६५१ च्या तिसऱ्या भागात लिहिलेले आहे. काल्हेरचा धक्का किती टनांची बोट, किती वेगाने आदळेपर्यंत सोसेल, तो आकडा मेरीटाईम बोर्डाने जेट्टीच्या दारात मराठी, हिंदी व उर्दूत लावावा.